हाई गानं कोनं शे?

दत्तजयंतीच्या आठवड्यात सारंगखेड्यात बसून ऑफिसचं काम करायचं, हा विचारच मुळात चुकला होता. एकमुखी दत्ताची यात्रा भरलेली असते, घोड्यांचा बाजार उभा असतो. पाळण्यांचे भोंगे, हरवलेल्या पोरांची नावं पुकारणारा लाऊडस्पीकर आणि मध्येच एखाद्या घोड्याचं खिंकाळणं, असं सगळं एकत्र होऊन आमच्या ओसरीवर आदळत असतं. मीटिंगमध्ये मी माईक सुरू केला की पुण्यातले सहकारी हसायचे. ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या आठवड्यात मी इयरफोन लावून कॅरोल किंगचा 'टॅपेस्ट्री' हा अल्बम ऐकत कोड लिहीत होतो. तोच का, याला काही थोर कारण नाही. पियानो यात्रेला पुरून उरतो, एवढंच लक्षात आलं होतं.

आजी शेजारी खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. "काय आयकी राह्यना, भाऊ?" तिनं विचारलं. मी एक इयरफोन तिच्या कानात घातला. 'विल यू लव्ह मी टुमॉरो' चालू होतं. तिनं मान कलती करून पूर्ण गाणं ऐकलं आणि म्हणाली, "हाई गानं कोनं शे?"

मी म्हटलं, हीच बाई गाते, पियानोही हीच वाजवते. आजीनं हात झटकला. गातंय कोण ते तिला ऐकू येत होतं. गाणं कोणाचं, हा तिचा प्रश्न होता. मग मी सांगितलं की चाल हिची आहे, शब्द हिच्या पहिल्या नवऱ्याचे. गाण्यातली मुलगी त्याला विचारते आहे की आजची रात्र ठीक, पण सकाळ झाल्यावर काय? आजीनं इयरफोन काढून माझ्या हातात ठेवला. म्हणजे सवाल बाईचा, पण लिहिला त्यानं? हो. मग पुढं तो राहिला का तिच्याजवळ? नाही, म्हटलं, घटस्फोट झाला. आजीनं शेंगांची ताटली पुन्हा मांडीवर घेतली आणि म्हणाली की मग बरोबर गाते ती.

'मग बरोबर गाते' या वाक्यातल्या 'मग'शी मी अजून झगडतो आहे.

आधी त्या अल्बमबद्दल थोडं. 'टॅपेस्ट्री' फेब्रुवारी 1971 मध्ये आला. कॅरोल किंगचा हा दुसरा एकल अल्बम. पहिला, 'रायटर', आदल्याच वर्षी आला होता आणि फारसा कोणाच्या लक्षात आला नव्हता. पण गाणी करण्यात ती अजिबात नवखी नव्हती. न्यूयॉर्कमध्ये 1960 च्या सुमारास गाणी लिहिण्याचा जवळजवळ कारखानाच चालत असे. एकेका खोलीत एक पियानो, एक संगीतकार आणि एक गीतकार. रेडिओवर गाजतील अशी गाणी तिथं तयार व्हायची आणि दुसऱ्यांना गायला दिली जायची. तिथं कॅरोल चाली द्यायची आणि तिचा नवरा गेरी गॉफिन शब्द लिहायचा. लग्न झालं तेव्हा ती 17 वर्षांची होती. 'विल यू लव्ह मी टुमॉरो' त्यांनी 1960 मध्ये केलं. तिनं चाल टेपवर ठेवली आणि ती बाहेर गेली. परत आली तेव्हा त्यानं शब्द लिहून ठेवले होते. ती 18 वर्षांची, तो 21 च्या आसपास, घरात तान्ही मुलगी. शिरेल्स या कृष्णवर्णीय मुलींच्या गटानं ते गायलं आणि जानेवारी 1961 मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढं 1967 मध्ये अरीथा फ्रँकलिननं 'नॅचरल वुमन' गायलं. चाल कॅरोलची, शब्द पुन्हा गॉफिनचे.

असं गाणं दुसऱ्याला देताना नमुना म्हणून एक कच्चं रेकॉर्डिंग करतात, त्याला डेमो म्हणतात. कॅरोल स्वतः पियानोवर बसून डेमो गायची. डेमो लोकांसाठी नसतोच. गायक तो ऐकतो, उचलतो, आणि डेमो कपाटात जातो. आमच्या धंद्यातही हाच शब्द आहे आणि अर्थही साधारण तोच. 'टॅपेस्ट्री'चा निर्माता लू ॲडलर याला मात्र तो कच्चेपणाच हवा होता. बाई पियानोवर बसली आहे आणि आपल्यासमोरच गाते आहे, असं ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, अशा बेतानं त्यानं तो अल्बम केला. जानेवारी 1971 मध्ये हॉलिवूडच्या ए अँड एम स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं. त्याच इमारतीत जोनी मिचेल 'ब्लू' रेकॉर्ड करत होती. ती आणि जेम्स टेलर येऊन कॅरोलच्या मागं गाऊन गेले. पुढं हा अल्बम सलग 15 आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिला आणि 1972 मध्ये त्याला चार ग्रॅमी मिळाले. कॅरोल त्या सोहळ्याला गेलीच नव्हती.

या अल्बमबद्दल लिहिणारे बहुतेक जण एक गोष्ट हमखास म्हणतात: इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी गाणी करणाऱ्या बाईनं अखेर स्वतःचं गाणं स्वतःच्या आवाजात गायलं. गोष्ट छान आहे. फक्त अल्बमवरची श्रेयनामावली वाचली की ती डळमळायला लागते.

बारा गाणी आहेत. त्यातल्या सात गाण्यांचे शब्द तिचे स्वतःचे. तीन गॉफिनसोबतची. उरलेल्या दोहोंचे शब्द टोनी स्टर्न या गीतकार स्त्रीचे. आणि या दोहोंत 'इट्स टू लेट' आहे, म्हणजे त्या अल्बमचं सगळ्यात गाजलेलं, पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलेलं गाणं. संसार मोडला आणि आता ओढूनताणून काही होणार नाही, असं शांतपणे सांगणारं. ते ऐकून लाखो लोकांना वाटलं की ही बाई आपल्या घटस्फोटाबद्दल बोलते आहे. शब्द दुसऱ्या बाईचे होते, तिच्या स्वतःच्या कुठल्याशा तुटलेल्या नात्यातून आलेले. म्हणजे 'स्वतःचं दुःख स्वतःच्या तोंडानं' हे जिथं सगळ्यात जास्त ऐकू येतं, तिथंच दुःख आणि तोंड वेगवेगळ्या माणसांचं आहे.

मग यात खोटेपणा आहे का? हा प्रश्न मला तेव्हा बौद्धिक गंमत म्हणून पडला होता. नंतर तो अंगावर आला. ते पुढं सांगतो.

शिरेल्सचं रेकॉर्डिंग आणि 'टॅपेस्ट्री'वरचं गाणं एकापाठोपाठ ऐकून बघा. शिरेल्सच्या गाण्याला नाचता येईल अशी लय आहे, मागं व्हायोलिनं आहेत, आणि मुलीच्या आवाजात धाकधूक असली तरी आशाही आहे, कारण उत्तर अजून यायचं आहे. कॅरोलचं गाणं संथ आहे. पियानो जवळ आहे, आवाज थकल्यासारखा. शब्द तेच. पण ती गाते तेव्हा 28 वर्षांची आहे. ज्यानं तो प्रश्न लिहिला त्याच्यापासून 1968 मध्ये वेगळी झालेली, दोन मुली घेऊन कॅलिफोर्नियाला आलेली. प्रश्न भविष्यकाळातला आहे आणि विचारणारीला उत्तर आधीच माहीत आहे. माझ्या समजुतीनं आजीचा 'मग' हा इथला आहे. शब्द कोणाचे ते कळल्यावर आजी म्हणाली नाही की हे हिचं नाही. त्यानं लिहिलं, तो राहिला नाही, मग आता हे तिचं झालं. मालकी हिशेब चुकता करून आली.

याला एक आक्षेप आहे आणि तो मी स्वतःच स्वतःवर घेत असतो. 'टॅपेस्ट्री'चा शेवट 'नॅचरल वुमन'नं होतो. तिथं जवळजवळ फक्त पियानो आणि एक बास. आणि अरीथानं ते गाणं जिथं नेऊन ठेवलं होतं तिथं कॅरोलचा आवाज पोचत नाही. वरच्या सुरांना घासतो, थोडा फाटतो. गाण्याचा हक्क गाण्याला सगळ्यात चांगलं पेलणाऱ्याचा असेल, तर ते गाणं अरीथाचं आहे आणि कॅरोलनं गप्प बसावं. हे म्हणणं मला खोडता येत नाही. मी एवढंच म्हणेन की अरीथाचं ऐकताना मी थक्क होतो, आणि कॅरोलचं ऐकताना मला वाटतं की या बाईला आत्ता काहीतरी विचारता येईल. त्या फाटलेल्या सुरापाशी ती सापडते. तिथं ती लपू शकत नाही.

आपल्याकडचं उदाहरण फार लांब नाही. गीतरामायण आमच्या घरात कॅसेटवर होतं आणि त्यात सगळी गाणी बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या आवाजात. कॉलेजला जाईपर्यंत मला माहीत नव्हतं की 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून ते सुरू झालं तेव्हा पात्रागणिक गायक वेगळे होते, सीतेची गाणी माणिक वर्मा गायच्या. आठवड्याला एक अशी 56 गाणी. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली. नंतर बाबूजी पेटी घेऊन एकटे बसले आणि राम, सीता, कौसल्या, शबरी सगळे आपल्याच गळ्यातून गायले. आता तर्कानं बघितलं तर हा केवढा मोठा अतिक्रम! पुरुषाच्या आवाजात त्यागलेली सीता. शिवाय शब्दही त्यांचे नाहीत. पण माझी आई ते ऐकताना रडायची, आणि सीता पुरुषाच्या आवाजात का, हा प्रश्न तिला कधी पडलेला मी पाहिला नाही. ते गळ्यामुळं असेल, भक्तीमुळं असेल. मला त्यात पेटीचाही वाटा वाटतो. जो माणूस स्वतःच्या बोटांखाली सूर दाबत गातो, त्याचा श्वास आणि हात एकमेकांत अडकलेले असतात. तो गाण्याबाहेर उभा राहून गाणं सादर करू शकत नाही. कॅरोलचा पियानो आणि बाबूजींची पेटी यांची तुलना संगीताच्या जाणकारांना रुचणार नाही. जाऊ द्या.

माझ्या कामात एक आज्ञावली आहे, तिचं नावच 'ब्लेम'. कुठल्याही कोडवर ती चालवली की प्रत्येक ओळ कोणी लिहिली, कधी लिहिली ते दिसतं. नवीन असताना मला ही फार न्याय्य गोष्ट वाटायची. मग एका रात्री दोन वाजता सिस्टिम पडली. ब्लेम लावलं तर ती ओळ लिहिणारा दोन वर्षांपूर्वीच नोकरी सोडून गेलेला. त्या रात्री ऑन-कॉल मी होतो. ओळ त्याची, फोन मला. पहाटेपर्यंत ती ओळ समजून घेतली, दुरुस्त केली, आणि तेव्हापासून ती माझी झाली. कोणी लिहिलं आणि कोण जबाबदार, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गाण्यातल्या 'मी'चंही काहीसं असंच असावं, असं मी तेव्हा ठरवून टाकलं होतं: ज्याला त्या 'मी'बद्दल जाब विचारता येईल, आणि जो तो देईल, त्याचं गाणं. व्याख्या सुबक आहे. तिच्यामुळंच मी पकडला गेलो.

आजीला गाणी येत. म्हणजे आमच्या भागातल्या तिच्या वयाच्या बायकांना येत तशी. जात्यावरची, हळदीची, कानबाईची. खानदेशात बहिणाबाई चौधरी होऊन गेल्या, त्यांनी काम करता करता गाणी रचली आणि लिहिता येत नसल्यानं ती मुलानं, सोपानदेवांनी, कागदावर उतरवली म्हणून 1952 मध्ये पुस्तक निघालं. आपल्यापर्यंत त्यांचे शब्द आले, आवाज आला नाही. हे मला फार टोचायचं. त्यामुळं इयरफोनच्या त्या प्रसंगानंतर मी ठरवलं की आजीचा आवाज ठेवायचा.

ती तयार नव्हती. आता गळा राहिला नाही म्हणायची, धाकट्या जावेला सांग, ती चांगली गाते. मी सोडलं नाही. दुपारी ओसरीवर मोबाईल समोर ठेवून तिच्याकडून कानबाईचं एक गाणं गाऊन घेतलं. त्यात एक कडवं भावाचं आहे, बहीण माहेरच्या वाटेकडं बघत बसलेली, आणि तिथं आजीनं तिच्या भावाचं नाव घातलं. तो कधीच गेला होता. मी विचारलं, हे कडवं तुझं का? तिनं सांगितलं, तिच्या सासूकडून आलं, सासू तिथं सासूच्या भावाचं नाव घालायची. जी गाते तिनं आपल्या भावाचं घालायचं. म्हणजे तिथं एक रिकामी जागा ठेवलेलीच आहे, आणि ती भरल्याशिवाय गाता येत नाही. आमच्या क्षेत्रात याला व्हेरिएबल म्हणतात, पण व्हेरिएबलला रडू येत नाही.

नाव घेताना तिचा आवाज अडकला. ती खोकली, थांबली, पाणी प्यायली, पुन्हा पहिल्यापासून. मागं पंख्याची घरघर, कोंबडी, रस्त्यावरचा ट्रॅक्टर.

पुण्याला परत आल्यावर मी ते रेकॉर्डिंग साफ केलं. हे मला येतं, आणि येतं म्हणून केलं. आधी पंखा आणि ट्रॅक्टर काढले. मग खोकला कापला. मग सूर जिथं जिथं खाली उतरला होता तिथं तिथं तो उचलून जागेवर बसवला. आता यासाठी दोन बटणं पुरतात. श्वासांचे आवाज कमी केले. शेवटी थोडा घुमारा दिला, देवळात गाल्यासारखा. फार सुंदर झालं. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं, सगळ्यांनी वाहवा केली, सुरतेच्या आत्यानं रिंगटोन ठेवली. फोनची जागा भरली होती म्हणून मूळ फाईल मी उडवली. दिवसभर लोकांना बॅकअपचं महत्त्व सांगणारा माणूस मी.

दिवाळीत घरी गेल्यावर आजीला ऐकवलं. तिनं तशीच मान कलती करून पूर्ण ऐकलं. मग म्हणाली, "हाई कोन शे?"

मला वाटलं तिला ऐकू कमी आलं असेल. पुन्हा लावलं. चांगलं गाते, म्हणाली, पण कोण आहे? मी म्हटलं, तूच. ती हसली. मी चेष्टा करतो आहे असं तिला वाटलं असावं. मग भावाचं नाव आलं, ते तिनं ओळखलं, आणि तिचं हसू गेलं. तिच्या भावाचं नाव ही दुसरी कुठली बाई का घेते, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. ती काही बोलली नाही. आत गेली.

दुसरा कोणी असता तर मी म्हटलं असतं की तंत्रज्ञान वाईट नसतं, वापर वाईट असतो. पण मी वापरही वाईट हेतूनं केला नव्हता. मला तिला चांगलं दाखवायचं होतं. ॲडलरला कॅरोलचा आवाज गुळगुळीत करून घ्यायचा मोह झाला नसेल का? चांगले वादक होते, स्टुडिओ होता. तो हातचा राखून थांबला, आणि मी, त्याच अल्बमचा भक्त, आजीचा डेमो पॉलिश करून बसलो. कॅरोलनं दुसऱ्याच्या शब्दांत स्वतःला उभं केलं. मी आजीच्याच शब्दांतून, आजीच्याच गळ्यातून आजीला काढून टाकलं. शब्द कोणाचे या प्रश्नात मी इतका गुंतलो होतो की अडखळणं कोणाचं हे विचारायचं राहून गेलं. आणि त्या फाईलला आता कोणी काही विचारलं तर ती उत्तर देऊ शकत नाही. जिथं तिला पाणी प्यावं लागलं, ती जागाच तिच्यात नाही.

आजी पुढच्या उन्हाळ्यात गेली. ती फाईल माझ्याकडं आहे. तेराव्याच्या दिवशी लावूया असं काका म्हणाले होते, मी काहीतरी कारण सांगून टाळलं.

गेल्या श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसवली तेव्हा मी घरी होतो. रोट झाले, रात्री बायका गायला बसल्या. चुलत वहिनीनं आजीचं ते गाणं धरलं. तिचा आवाज बेताचाच, वरती चिरकतो. भावाच्या कडव्यापाशी आली आणि मधली ओळ विसरली. दोनदा मागं जाऊन बघितलं, सुचेना. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "भाऊजी, आजीचं गाणं तुमच्या मोबाईलमध्ये आहे ना? जरा लावा की."

मी म्हटलं, चार्जिंग संपलंय.

ती क्षणभर थांबली. बाकीच्या टाळ्या देत राहिल्या. मग तिनं ती ओळ गाळूनच टाकली आणि पुढच्या ओळीत तिच्या भावाचं नाव घातलं, तो सध्या वापीला कंपनीत आहे.